रविवारचा ख्रिस्ती, सोमवारचा कागद

धर्मश्रद्धा आणि इहवाद यांच्या झगड्याविषयी ख्रिस्ती नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्या लिखाणाचा सूर बहुधा एकच असतो. जग ऐहिक होत चालले आहे, तरुण पिढी देवळाकडे फिरकत नाही, रविवारीही कारखाने आणि शिकवण्या चालू असतात, घरातली सायंप्रार्थना आधी दूरचित्रवाणीने आणि आता मोबाइलने गिळली, तेव्हा श्रद्धावंतांनी सावध व्हावे. हे खरेही असेल. पण हे बोलणारा माणूस कोण आणि तो कुठे उभा राहून बोलतो, हे कोणी विचारत नाही. ज्याला वाडी आहे, विहीर आहे, गावात जुने देऊळ आहे आणि ज्याच्या आडनावाला कोणी हरकत घेत नाही, त्याच्यापुढचा इहवाद वेगळा. ज्याच्या आजोबाने महारवाड्यातून उठून बाप्तिस्मा घेतला, त्याच्या नातवापुढचा वेगळा. या दुसऱ्या माणसाला ऐहिक जग नास्तिकांच्या ग्रंथांतून भेटत नाही. ते छापील अर्जाच्या रूपाने भेटते. त्या अर्जात 'धर्म' आणि 'जात' असे दोन रकाने असतात, आणि तिथे त्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा सुरू होते.

मी राहतो ते चिंचोटी वसई तालुक्याच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. येथूनच कामणमार्गे भिवंडीकडे रस्ता फुटतो आणि दिवसरात्र मालमोटारी धडधडत असतात. 'वसईचे ख्रिस्ती' म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे येते ती वसई मात्र ही नव्हे. ती रेल्वेच्या पश्चिमेला आहे. १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. राज्य गेले, ख्रिस्ती लोक राहिले. केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकवणारे ते शेतकरी, मासे मारणारे ते कोळी. जपानात १५९७ साली क्रुसावर चढवला गेलेला गोन्सालो गार्सिया याच मातीतला. पण कुपारी, वाडवळ, कोळी हे भेद धर्मांतरानंतरही टिकून राहिले. बोली वेगळी, पेहराव वेगळा, आणि सोयरीक शक्यतो आपल्यातच. येशूच्या मेजावर सगळे एकत्र बसले, लग्नाच्या पंगतीला मात्र आपापल्या मांडवात गेले, असे याचे वर्णन करता येईल. हल्लीच्या शिकलेल्या पिढीत हे बदलत आहे, हेही नमूद करतो.

आमच्या पूर्वपट्ट्यात तुंगारेश्वरचे डोंगर, आदिवासी पाडे, खदानी, गोदामे आणि कामगारांच्या चाळी. माझ्या चाळीत नगरकडची दोन ख्रिस्ती कुटुंबे आहेत, जालन्याकडचे एक, एक तमिळ, आणि अलीकडे प्रार्थनेला येऊ लागलेले एक आदिवासी कुटुंब. पश्चिमेचे कॅथलिक 'मिस्सा' म्हणतात, आम्ही 'उपासना' म्हणतो. त्यांचे फादर, आमचे पाळक. पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही बायबल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून निघतो, त्याच वेळी मुंबईकडच्या पोरांचे लोंढे धबधब्याकडे चढत असतात. तिथे दरवर्षी माणसे बुडतात, मनाईहुकूम निघतात, लोंढे थांबत नाहीत. बुडालेल्याला वर काढायला अनेकदा पाड्यावरचीच पोरे उतरतात, आणि त्या वेळी मेलेल्याची जात कोणी विचारत नाही. हे जाता जाता सांगितले.

आमची मुळे नगर जिल्ह्यातली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात काम सुरू केले. पुढच्या काळात, विशेषतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, त्या भागातल्या महार-मांगांनी मोठ्या संख्येने निरनिराळ्या मिशनांकडे धाव घेतली. 'पोटासाठी धर्म सोडला' हा आरोप तेव्हापासून आमच्या मागे आहे. ज्याला गावाच्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती, त्याने अन्न घेतले, औषध घेतले, अक्षर घेतले आणि त्याबरोबर एक देवही घेतला. यात लाजण्यासारखे काय आहे, मला कळत नाही. नगरातच १८४२ साली निघालेल्या 'ज्ञानोदय'ने १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला. ती फुल्यांच्या शाळेतली, ख्रिस्ती नव्हे. पण तिच्या जातीचे दुःख छापायला त्या काळी जी पाने मोकळी झाली ती मिशनची होती, ही गोष्ट दलित साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे.

मराठी ख्रिस्ती म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाला आठवतात ते नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. अंगातला सोवळेपणा जाता जाता लक्ष्मीबाईंची किती ओढाताण झाली, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने सांगितले आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ज्यांच्या स्पर्शाचा तो प्रश्न होता, त्या हजारो महार-मांग ख्रिस्त्यांची स्मृतिचित्रे कुठे आहेत? ब्राह्मणाचे धर्मांतर वाङ्मयाचा विषय झाले, महाराचे धर्मांतर मिशनच्या अहवालातला आकडा झाले. माझी आजी मिशनच्या शाळेत झाडू मारता मारता वाचायला शिकली. तिने आयुष्यभर एकच पुस्तक वाचले. तिच्याविषयी कोणी एक ओळ लिहिलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतराची जी चिकित्सा केली, ती आमच्या मंडळ्यांत फार कमी वाचली जाते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ते ख्रिस्ती लोकांपुढे बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला वेधून घेतले, असे त्यांनी तेथे सांगितले. पण लगेच, दक्षिणेतल्या देवळांत जात पाळली जाते आणि शिकलेला ख्रिस्ती सामाजिक अन्यायाविरुद्ध संघटित होऊन लढत नाही, हेही सुनावले. त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात याहून खोल जाणारा एक मुद्दा आहे. अस्पृश्याची अधोगती समाजाने केली. मिशनरी मात्र त्याला शिकवतो की तुझ्या पतनाचे कारण तुझ्या स्वतःच्या पापात आहे. मग तो माणूस व्यवस्थेकडे बोट दाखवण्याऐवजी स्वतःच्या छातीवर हात मारून घेतो. धर्म बदलला, पण ज्या उत्साहाने लढायचे तो उत्साहच विझला.

मी रविवारी उपासनेत पापकबुलीची प्रार्थना म्हणतो तेव्हा हा मुद्दा मला टोचतो. माझी पापे आहेत, ती मी नाकारत नाही. पण माझ्या आजोबाला वेशीबाहेर ठेवले ते त्याच्या पापामुळे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला ज्या मंडळीत शिकवले जात नाही, तिथली भक्ती माणसाला नरम करील, उभे करणार नाही.

आणि नेमका याच माणसाला राज्यसंस्थेने दुसऱ्या बाजूने पकडले. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा की, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. अपवाद होता तो फक्त शिखांतल्या चार जातींचा. १९५६ मध्ये तो शीख धर्मीयांपुरता व्यापक झाला आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९७६ च्या दुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत धर्मनिरपेक्षतेचा शब्द आला, पण हा परिच्छेद जागचा हलला नाही. राज्य निधर्मी आहे असे म्हणावे, आणि त्याच राज्याने सवलत देताना तुझा देव कोणता हे विचारावे, ही विसंगती आमच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे.

सूसै या चांभाराचा खटला या संदर्भात प्रत्येक दलित वाचकाला माहीत असावा. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून जोडे शिवणारा हा आदिद्रविड माणूस ख्रिस्ती झालेला होता. अनुसूचित जातींच्या चांभारांना सरकारी योजनेतून फुकट टपऱ्या मिळाल्या, त्याला मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली निकाल लागला तो असा की, नुसती जात सोबत राहिली एवढे पुरेसे नाही. धर्मांतरानंतरही तेच सामाजिक आणि आर्थिक अपंगत्व तितक्याच तीव्रतेने उरले आहे, हे अर्जदाराने पुराव्याने दाखवले नाही. एरण तीच, चामडे तेच, रस्ता तोच. पुरावा आणखी कोणता द्यायचा होता, असे आपण म्हणू. पण न्यायालयाला कागद लागतो, आणि आमच्या माणसाजवळ कागदच नसतो, हा धडाही त्या निकालातून घेतला पाहिजे.

या आदेशाचे परिणाम नोकरी-शिक्षणापुरते नाहीत. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला संरक्षण देतो. ख्रिस्ती झालेल्या महाराला गावात मारहाण झाली, तर मारणारा त्याच्या आजोबाची जात काढून मारतो आणि कायदा त्याचा धर्म पाहून बाजूला होतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते, त्याने शिक्षणात थोडा आधार मिळतो. संरक्षण मिळत नाही. उलट अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. आमच्या चाळीतले ते आदिवासी कुटुंब उद्या बाप्तिस्मा घेऊनही आदिवासीच राहील. त्यांनाही यादीतून काढा अशी मागणी काही संघटना करीत आहेत, पण कायदा आज तसा नाही. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन ख्रिस्ती घरे, आणि दोघांना दोन कायदे.

माझ्या घरात तर एकाच भिंतीच्या आत हा प्रकार आहे. थोरल्या भावाचे नाव गावच्या शाळेत घातले गेले. मास्तरांनी वडिलांना काही न विचारता 'हिंदू महार' लिहिले, कारण मास्तरांच्या लेखी आम्ही तेच होतो. मला वडिलांनी मिशनच्या शाळेत घातले, तिथे 'ख्रिस्ती' लिहिले गेले. आई एक, बाप एक, बाप्तिस्मा एकाच पाळकाने दिलेला. कागदावर दोन धर्म आणि दोन जाती. भावाला राखीव जागेवर नोकरी लागली. त्याच्या पगारावर मी शिकलो, पदवीधर झालो, पुढे कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आणि मग कुठे कायम झालो. आज मी 'मी ख्रिस्ती आहे' असे ताठ मानेने म्हणतो. त्या ताठ मानेखालचे हाड भावाच्या कागदाचे आहे, हे मला फार उशिरा उमगले.

भावाच्या जात पडताळणीची चौकशी घरी यायची होती. महाराष्ट्रात २००१ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पडताळणी समिती असते, तिचे दक्षता पथक असते, ते कुळाचार, सोयरीक, देव विचारते. आदल्या रात्री आईने भिंतीवरचा क्रूस काढला. चुना लावलेल्या भिंतीवर त्याची स्वच्छ खूण उरली होती. आईने तिथे वाण्याच्या दुकानातले कॅलेंडर टांगले. माणूस आला, चहा प्याला, विचारायचे ते विचारून गेला. त्या रात्री आईने नेहमीची प्रार्थना म्हटली नाही. मी तेव्हा अकरावीत होतो आणि भावावर चिडलो होतो. त्यानंतर कित्येक वर्षे भाऊ उपासनेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि नाताळच्या सामुदायिक छायाचित्राच्या वेळी बाहेर चपला शोधत राहायचा.

एका पाहुण्या उपदेशकाने एकदा आमच्या मंडळीत पेत्राच्या नाकारण्यावर उपदेश केला. कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारणारा पेत्र, आणि सवलतीसाठी ख्रिस्ताला लपवणारे आजचे लोक, अशी त्याने सांगड घातली. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. उपदेशकाच्या पूर्वजांना कधी वेशीबाहेर राहावे लागले नव्हते, हे सांगणे मला भाग आहे. पेत्र भ्याला हे खरे. पण ज्या सत्तेने त्याला भिववले तिच्याबद्दल त्या उपदेशात एक शब्द नव्हता. श्रद्धा प्रकट करण्याची किंमत एकाला टाळ्यांची आणि दुसऱ्याला भाकरीची पडत असेल, तर दोघांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नाही.

येथे माझे बौद्ध मित्र म्हणतात, मग तिथे राहता कशाला? या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीही काहींच्या मनात हा प्रश्न असेल. त्यांना मी त्यांच्याच घरातली आठवण करून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ पासून १९९० पर्यंत बौद्ध झालेल्या आपल्या माणसांनी काय केले? घरात बुद्धवंदना आणि केंद्राच्या अर्जावर 'हिंदू महार', हे किती घरांनी सोसले! त्यांना कोणी ढोंगी म्हटले तर आपण ते ऐकून घेऊ काय? चौतीस वर्षे जे दुःख एका भावाने भोगले, ते दुसऱ्याच्या वाट्याला आजही आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मी चालतो. बाबासाहेबांची ख्रिस्ती धर्मावरची टीका मला मान्य आहे आणि तरी मी ख्रिस्ती आहे. ज्या आजीने एका पुस्तकातून अक्षर आणि माणूसपण दोन्ही उचलले, तिच्या हातातले पुस्तक मी खाली ठेवू शकत नाही. हा युक्तिवाद नव्हे, हे मला ठाऊक आहे.

मग अशा माणसाने रोजची श्रद्धा जगायची कशी? इहवादाला शत्रू मानून हे होणार नाही. आम्हाला माणूस म्हणून पहिल्यांदा ज्यांनी वागवले त्यांत नळाचे पाणी, एस. टी.ची बाके आणि लोकलचा डबा यांचा वाटा मोठा आहे. हार्वे कॉक्स या अमेरिकन धर्मपंडिताने १९६५ साली अशी मांडणी केली होती की, जग देवादिकांच्या धाकातून सुटणे हे बायबलच्याच शिकवणीचे फळ आहे. गावाच्या दैवताच्या धाकातून सुटलेल्या महाराला हे समजायला अमेरिकन पुस्तकाची गरज नाही.

आमच्या तालुक्यातलेच उदाहरण घ्या. बंदिवानांना सोडवणे आणि दडपलेल्यांना मोकळे करणे हा येशूने नासरेथच्या सभास्थानात आपल्या कार्याचा जाहीरनामा म्हणून वाचून दाखवला. वसई तालुक्यात वेठबिगारीत अडकलेल्या आदिवासींच्या मुक्तीतून १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा कागदावर होता, तो या माणसांनी जमिनीवर आणला. त्यांच्या झेंड्यावर क्रूस नव्हता. त्याच काळात आम्ही ख्रिस्ती लोक प्रभुवार पाळत होतो. इहवादी जग येशूचे काम करीत होते आणि येशूचे लोक गाणी म्हणत होते, असे मी म्हटले तर आमच्या मंडळीत राग येईल. येऊ दे.

दुसरे उदाहरण पश्चिमेचे, आणि ते आमच्या बाजूचे आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी वसईचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि बागायत जमिनीवर इमारतींचा डोळा गेला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून रस्त्यावर आले. पाणी आणि जमीन हा धर्माचा विषय आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले. मराठी बायबलचे त्यांचे भाषांतर, 'सुवार्ता'चे संपादन आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे सारे त्याच भूमिकेतून आले. धर्मगुरूला अध्यक्ष केले म्हणून ओरड झाली. २०२४ साली ते गेले. त्यांची वसई पश्चिमेची होती. पूर्वेच्या खदानीत आणि वीटभट्टीत तसा आवाज उठवणारा ख्रिस्ती अजून व्हायचा आहे.

ख्रिस्ती मंडळ्यांतल्या जातीचे काय, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. तामिळनाडूत दफनभूमीत भिंती घालून दलित ख्रिस्त्यांची मढी वेगळी पुरली गेली. भारतातल्या कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना जातिभेद आपल्यात आहे हे मान्य केले. त्याच्या कितीतरी आधी, १९८१ साली, अरविंद निर्मळ यांनी बंगळुरातल्या एका व्याख्यानातून दलित धर्मचिंतनाची सुरुवात करून दिली. येशू स्वतः तुच्छ लेखला गेलेला, म्हणून तो आमच्यातला, अशी त्यांची पुढची मांडणी होती. पापाकडून व्यवस्थेकडे बोट वळवण्याचे जे काम बाबासाहेबांना ख्रिस्ती धर्मात दिसले नव्हते, ते तिथून सुरू झाले. पण हे चिंतन इंग्रजीत आणि धर्मविद्यालयांत राहिले. आमच्या चाळीतल्या उपासनेपर्यंत ते आलेले नाही, आणि याचा दोष माझ्यासारख्या शिकलेल्यांकडेही जातो.

२००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने १९५० च्या आदेशातला तो तिसरा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. ती तशीच पडून राहिली. २०२२ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. सूसैच्या खटल्यात जे कमी पडले, ते आपण जमवायला घेतले पाहिजे. नगरच्या आणि जालन्याच्या गावांतली बाप्तिस्म्याची जुनी दप्तरे, दफनाची जागा गावात कुठे दिली गेली त्याच्या नोंदी, आजही ख्रिस्ती घराला पाणवठ्यावर आणि भाड्याच्या खोलीसाठी काय ऐकावे लागते त्याचे जबाब. मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन गावे फिरलो. दोन ठिकाणी दप्तरे वाळवीने खाल्ली होती. तिसऱ्या गावी ती शाबूत आहेत. आजोबांचे नाव, वय, आणि पुढे कंसात जात लिहिलेली. लिहिणाऱ्या मिशनऱ्याने ती का लिहिली असेल ते असो, आज तो कंस आमच्या उपयोगाचा आहे.

भावाची धाकटी मुलगी या जूनमध्ये शाळेत जाईल. अर्ज आणला आहे. वहिनीने तो दोनदा माझ्यापुढे ठेवला, 'भाऊजी, तुम्हीच भरा, तुम्हाला त्यातले कळते' म्हणून. मुलीचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा मी भरली आहे. आईने भिंतीवरचे कॅलेंडर केव्हाच काढले आणि क्रूस परत लावला. अर्ज शनिवारपर्यंत द्यायचा आहे, आणि भाऊ रात्रपाळीहून आला की त्याच्याशी बोलून उरलेले दोन रकाने भरणार आहोत.